आभाळ भरून आलं की ऐन मालिकेच्या वेळी चित्र का जातं? डिशच्या सिग्नलची दुरुस्ती, मुळापासून

सात वाजले, शीर्षकगीत सुरू झालं आणि पडद्यावर चौकोन चौकोन पडायला लागले. मग आवाज तुटला, पात्रांचे चेहरे अर्ध्यावर गोठले आणि शेवटी ‘सिग्नल उपलब्ध नाही’ अशी पाटी आली. घरातलं मोठं माणूस दिवसभर ज्या अर्ध्या तासाची वाट बघतं, नेमका तोच गेला. डिश असलेल्या घरात हे वरचेवर होतं आणि दर वेळी उत्तर एकच मिळतं: ‘पाऊस आहे, येईल.’

हे उत्तर अर्धंच खरं आहे. पावसाने सिग्नल कमी होतो, पण किती पावसाने जातो आणि किती वेळ जातो हे डिशच्या छत्रीच्या तब्येतीवर ठरतं. नीट लावलेल्या छत्रीकडे कोरड्या दिवशी गरजेपेक्षा बराच जास्त सिग्नल असतो. ही तिची शिल्लक, आणि पाऊस ती खर्च करतो. शिल्लक भरपूर असेल तर चित्र फक्त मुसळधार सरीत पाच-दहा मिनिटं जातं. बोल्ट ढिला, केबलच्या टोकाच्या पिनेला गंज, छत्री एखादा अंश फिरलेली, अशा कारणांनी ती आधीच संपली असेल तर नुसत्या झिमझिम पावसातही जातं. कोरड्या दिवशी मात्र दोन्ही घरांत चित्र सारखंच स्वच्छ दिसतं. डिजिटल चित्र जुन्या अँटेनासारखं हळूहळू मुंग्यांनी भरत नाही. असतं तेव्हा पूर्ण असतं, नसतं तेव्हा अजिबात नसतं. त्यामुळे शिल्लक संपत आल्याचं महिनोन्‌महिने कळत नाही.

आणि संध्याकाळच का? देशावर वळीव आणि परतीचा पाऊस बहुधा दुपार टळल्यावरच येतो. जमीन दिवसभर तापते, ढग चार-पाचच्या सुमाराला उभे राहतात आणि दिवेलागणीला फुटतात. नेमकी तीच मालिकांची वेळ. कोकणात जून-जुलैत पाऊस वेळ बघून येत नाही, तिथे त्रास दिवसभराचा.

मालिका आत्ता चालू आहे आणि चित्र गेलंय

सगळ्यात आधी, काय करायचं नाही ते. रिमोट घेऊन ‘फॅक्टरी रीसेट’ किंवा ‘चॅनेल स्कॅन’ करू नका. घाबरून बरेच जण हेच करतात. रीसेटमध्ये साठवलेली चॅनेलची यादी पुसली जाते आणि ती परत भरायला सिग्नलच लागतो, जो त्या वेळी नसतो. पाऊस थांबल्यावर आपोआप येणारं चित्र मग येत नाही आणि मेकॅनिकला बोलवावं लागतं. बॉक्स सारखा बंद-चालू करूनही उपयोग नाही. सुरू व्हायलाच त्याला दोन-चार मिनिटं लागतात, तेवढ्यात कदाचित सिग्नल आलाही असता.

एचडी चॅनेल लावलं असेल तर त्याच वाहिनीचं साधं चॅनेल लावून बघा, ते पॅकमध्ये असेल तर. एचडी बहुतेकदा आधी जातं, साधं थोडं जास्त तग धरतं. तेही नसेल तर फोन. स्टार प्रवाह आणि कलर्स मराठीच्या मालिका जिओहॉटस्टारवर, झी मराठीच्या झी५वर, सोनी मराठीच्या सोनी लिव्हवर, सन मराठीच्या सन नेक्स्टवर असतात. मधल्या दर्जावर अर्ध्या तासाला साधारण अर्धा जीबी डेटा जातो, म्हणजे दिवसाला दीड जीबीच्या पॅकमध्ये दोन मालिका सहज बसतात. आजी-आजोबांना फोनचा पडदा बारीक वाटतो. टीव्ही स्मार्ट असेल तर फोनचा हॉटस्पॉट चालू करून ॲप टीव्हीवरच लावून द्या.

विजा लांबवर चमकायला लागल्या की मालिका राहू द्या. टीव्ही आणि बॉक्सचे प्लग भिंतीतून काढा आणि छत्रीकडून येणारी केबलही बॉक्समधून सोडवा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, कारण वीज केबलमधूनही आत येते. आणि पावसात गच्चीवर, पत्र्यावर किंवा कौलांवर कुणीही चढायचं नाही. ओला पत्रा निसरडा असतो, सिमेंटचा पत्रा वजनाने फुटतो आणि लोखंडी पाइपाजवळ विजांच्या वेळी उभं राहणं जिवावर बेतू शकतं. पुढे जे काही सांगितलंय ते सगळं कोरड्या दिवशी, उजेडात करायचं.

चित्र कधी जातं आणि कधी परत येतं, ते आधी बघा

पाना हातात घेण्याआधी दोन-तीन पावसांत घड्याळ बघून नोंद करा. अर्धं निदान यातच होतं.

जोराची सर आली, चित्र गेलं, सर ओसरल्यावर पाच-दहा मिनिटांत परत आलं, तर छत्री ठीक आहे. हा निसर्ग आहे, त्यावर उपाय फक्त मोठी छत्री. अंगणात अजून थेंब पडला नाही आणि चित्र गेलं, तर तेही बहुधा ठीकच, कारण ढग तुमच्या डोक्यावर नाही, उपग्रहाच्या वाटेवर आहे. बारीक भुरभुर असतानाही जात असेल तर शिल्लक संपली आहे, छत्री फिरली आहे किंवा एलएनबी, म्हणजे छत्रीच्या दांड्याच्या टोकाचा सिग्नल पकडणारा भाग, थकला आहे. पाऊस थांबला, तारे दिसायला लागले, तरी दोन-तीन तास किंवा दुसऱ्या दिवशी ऊन पडेपर्यंत चित्र नाही, तर पिनेत किंवा एलएनबीत पाणी शिरलं आहे. पाऊस नाही, नुसता वारा आहे आणि चित्र येतं-जातं, तर बोल्ट ढिला आहे किंवा झाडाची फांदी आड येते आहे. पाऊसही नाही, वाराही नाही, आणि ठराविक चॅनेलच दिसत नाहीत, तर दोष व्होल्टेजचा किंवा एलएनबीचा. एकच चॅनेल नसेल तर आधी पॅक तपासा.

शेजारीही विचारा, पण तुमच्याच कंपनीची छत्री असलेल्यांना. सगळ्यांचंच गेलं असेल तर तुमच्या छत्रीला हात लावण्यात अर्थ नाही. कधी कधी पाऊस तुमच्या गावात नसून कार्यक्रम उपग्रहाकडे पाठवणाऱ्या केंद्रावर असतो.

थेंब नसताना चित्र जातं, त्यामागचं गणित

आपल्याकडच्या डिशचा सिग्नल केयू बँडमध्ये येतो, ११-१२ गिगाहर्ट्‌झच्या आसपास. त्याची लहर सुमारे अडीच सेंटिमीटरची. इतक्या आखूड लहरीला पावसाचे टपोरे थेंब शोषून घेतात आणि विखुरतात. धुक्याचे आणि पांढऱ्या ढगांचे थेंब फार बारीक असल्याने त्यांचा त्रास जवळपास होत नाही. म्हणून नुसत्या ढगाळ हवेतही रोज चित्र जात असेल तर दोष ढगाला देऊ नका.

उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर आहेत, पण पाऊस पडतो तो फक्त खालच्या पाचेक किलोमीटरमध्ये. सिग्नल तिरका येतो, त्यामुळे त्याला पावसातून किती अंतर कापावं लागतं हे उपग्रह कुठे आहे त्यावर ठरतं. टाटा प्लेचा उपग्रह ८३ अंश पूर्व रेखांशावर, डीटूएचचा ८८वर, डीडी फ्री डिशचा ९३.५वर, डिश टीव्हीचा ९५वर आणि एअरटेलचा १०८.२वर. पुण्याहून पाहिलं तर ८३ अंशांचा उपग्रह क्षितिजापासून सुमारे ६६ अंश उंच आहे आणि १०८.२चा फक्त ४५ अंश. पहिल्याचा सिग्नल पावसातून साधारण साडेपाच किलोमीटर येतो, दुसऱ्याचा सात किलोमीटर. शिवाय दुसऱ्याच्या वाटेवर आग्नेयेला पाच किलोमीटरपर्यंत कुठेही ढग फुटला तरी तो आड येतो. एकाच इमारतीत एकाचं चित्र टिकतं आणि शेजारच्याचं जातं, त्याचं हे एक कारण.

दिशा तपासायला पुण्यासाठी हे आकडे ठेवा. होकायंत्रात उत्तर शून्य धरून घड्याळाच्या दिशेने मोजायचं: ८३ अंशांच्या उपग्रहासाठी १५३, ८८साठी १४२, ९३.५साठी १३२, ९५साठी १२९ आणि १०८.२साठी ११५. उंची अनुक्रमे ६६, ६३, ५९, ५७ आणि ४५ अंश. नागपूरला ८३चा उपग्रह जवळजवळ दक्षिणेला, १६९ अंशांवर आणि ६५ अंश उंच दिसतो, तर १०८.२चा १२३ अंशांवर, ४९ अंश उंच. फोनमधलं होकायंत्र वापरत असाल तर लोखंडी पाइपापासून दोन पावलं लांब उभे राहा, नाहीतर सुई चुकते.

बॉक्समधल्या दोन पट्ट्या

रिमोटवरून मेन्यू, मग सेटिंग, मग सिग्नलची माहिती. नावं कंपनीगणिक वेगळी, पण पट्ट्या दोनच: स्ट्रेंथ आणि क्वालिटी. बहुतेक जण स्ट्रेंथ बघून समाधान मानतात आणि तिथेच फसतात. स्ट्रेंथ म्हणजे केबलमधून येणारी एकूण ताकद, त्यात निव्वळ गोंगाटही धरलेला असतो. छत्री रिकाम्या आकाशाकडे वळवली तरी स्ट्रेंथ बऱ्यापैकी दिसू शकते. चित्र अवलंबून असतं ते क्वालिटीवर.

दोन्ही शून्य असतील तर वीज वर पोचत नाही किंवा सिग्नल खाली येत नाही: केबल तुटली आहे, पिनेत शॉर्ट आहे किंवा एलएनबी गेला आहे. स्ट्रेंथ चांगली आणि क्वालिटी शून्य असेल तर छत्री फिरली आहे, किंवा त्या क्षणी जोराचा पाऊस आहे. दोन्ही आहेत पण क्वालिटी सारखी वर-खाली नाचते आहे, तर ढिलेपणा.

स्वच्छ, कोरड्या दुपारी दोन्ही आकडे बघून कागदावर लिहा आणि तो कागद बॉक्सखाली चिकटवा, तारखेसकट. वेगवेगळ्या कंपन्यांच्या बॉक्सचे आकडे एकमेकांशी ताडून उपयोग नाही, प्रत्येकाची मोजपट्टी निराळी. आपला आजचा आकडा आपल्याच मागच्या आकड्याशी ताडायचा. दसऱ्याला ८५ होती आणि होळीला ७० झाली, तर मे महिन्यात वळीव येण्याआधीच पाना हातात घ्यायचा.

पिना आणि केबल

निम्म्याहून जास्त कटकटी इथेच असतात असं आमचं ठाम मत आहे, म्हणून इथे घाई नको.

छत्रीच्या दांड्याच्या टोकाला असलेल्या एलएनबीखालची पिन हाताने फिरवून उघडा. आधी बॉक्सचा प्लग काढलेला असू द्या, कारण या केबलमधून एलएनबीला १३ ते १८ व्होल्ट जातात. आपल्याला धक्का बसण्याइतके ते नाहीत, पण पिन काढता-घालताना शॉर्ट झाला तर बॉक्सचा तो भाग जळू शकतो. आता मधली तांब्याची तार जवळून बघा. ती लालसर चकचकीत हवी. काळी पडली असेल, टोकाला हिरवट कळंक असेल किंवा पिनेच्या आत पांढरी पूड दिसत असेल तर पाणी शिरून गेलं आहे. केबलचं टोक पिळून बघा. काळ्या आवरणाखालच्या बारीक तारांच्या जाळीतून पाण्याचा थेंब आला तर पाणी केबलमध्ये बरंच मागे गेलेलं असतं. नुसती पिन बदलून भागत नाही, जाळी चकचकीत दिसेपर्यंत केबल कापत मागे यावं लागतं.

पिन नव्याने बसवताना केबलचं वरचं काळं आवरण १२-१३ मिलिमीटर सोला. जाळी मागे दुमडा. मग पुढचं ६-७ मिलिमीटर पांढरं आवरण फॉइलसकट कापून तार उघडी करा. ब्लेडने तारेला खाच पडू देऊ नका, तिथेच ती पुढे मोडते. जाळीचा केसाएवढा एक तंतू जरी मधल्या तारेला टेकला तरी शॉर्ट होतो आणि दोन्ही पट्ट्या शून्य दिसतात, म्हणून उजेडात धरून बघा. पांढरं आवरण पिनेच्या आतल्या तळाशी टेकलेलं आणि तार काठाच्या दोन-तीन मिलिमीटर बाहेर, इतकंच हवं. तार आखूड राहिली तर घरात चालतं, वर वाऱ्यात सुटतं. फिरवून बसवायच्या पिना घरात चालतील. छत्रीवर मात्र दाबून बसणारी कॉम्प्रेशन पिनच लावा, तिच्यात पाणी शिरायला वाट कमी असते.

वरून काळी इन्सुलेशन टेप गुंडाळली की झालं, हा फार रुळलेला गैरसमज आहे. उन्हाने त्या टेपचा गोंद सुटतो आणि आत गेलेलं पाणी बाहेर पडत नाही. ताणून गुंडाळल्यावर स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी रबरी टेप मिळते, ती खालून वर गुंडाळत या, म्हणजे कौलांसारखे थर एकमेकांवर येतात आणि पाणी घसरून जातं. सिलिकॉन वापरणार असाल तर व्हिनेगरसारखा आंबूस वास येणारं घेऊ नका, त्यातलं आम्ल तांबं खातं. आणि केबल एलएनबीकडून थेट खाली न आणता पिनेखाली अर्धगोल झोळ देऊन दांड्याला बांधा. घरात शिरण्याआधी भिंतीपाशीही तसाच झोळ हवा. पाणी झोळाच्या तळाशी ठिबकतं, पिनेत किंवा खिडकीच्या भोकातून बॉक्समागे येत नाही.

केबल आरजी-६ प्रकारचीच हवी, आणि २५-३० मीटरच्या आत. जास्त लांबीला वरच्या फ्रिक्वेन्सीची चॅनेल आधी मार खातात. विकत घेताना मधल्या तारेला लोहचुंबक लावून बघा. चिकटला तर ती तांब्याचा मुलामा दिलेली लोखंडी तार. छोट्या अंतराला चालते, पण लांब अंतरावर व्होल्टेज पडतं आणि मुलामा खरवडला की गंजते. मधले जॉइंट टाळा. पावसात उघडा असलेला एक जॉइंट सगळ्या मेहनतीवर पाणी फिरवतो.

निम्मी चॅनेल जातात तेव्हा

हा दोष मेकॅनिकलाही पुष्कळदा चकवतो. बॉक्स एलएनबीला १३ व्होल्ट देतो तेव्हा एका धाटणीची म्हणजे उभी लहर निवडली जाते, १८ व्होल्ट देतो तेव्हा आडवी. वरचा बँड, म्हणजे जास्त फ्रिक्वेन्सीची चॅनेल, हवा असेल तर सोबत २२ किलोहर्ट्‌झचा एक सूक्ष्म संकेत जातो. जुनी केबल, गंजलेली पिन, घाईत घातलेला जॉइंट, यांनी १८चे १४-१५ झाले की एलएनबीला ते १३च वाटतात. मग आडव्या लहरीवरची सगळी चॅनेल एकदम जातात आणि उरलेली ठणठणीत दिसतात. घरच्यांना वाटतं पॅक संपला, कंपनी म्हणते पॅक चालू आहे, आणि दोघांचं बोलणं तिथेच अडतं.

मल्टिमीटरने मोजणार असाल तर एक खुबी लक्षात ठेवा. एलएनबी सोडवून वरच्या टोकाला मोजलं तर भार नसल्यामुळे व्होल्ट पूर्ण दिसतात आणि दोष लपतो. त्यापेक्षा खात्रीची चाचणी म्हणजे कोरड्या दिवशी बॉक्स आणि एखादा छोटा टीव्ही छत्रीजवळ नेऊन दोन मीटर नव्या केबलने थेट जोडणं. तिथे सगळी चॅनेल दिसली तर दोष खालच्या केबलचा. तिथेही निम्मीच दिसली तर शेजाऱ्याचा चालता एलएनबी, त्याच प्रकारचा, पाच मिनिटं मागून लावून बघा. तरीही तेच, तर बॉक्स किंवा त्याचा अडॅप्टर. अडॅप्टर थकला की बॉक्स चालू राहतो, पण १८ व्होल्ट द्यायची वेळ आली की दम टाकतो. हात लावल्यावर चटका बसण्याइतका तो तापत असेल तर तेवढेच व्होल्ट आणि तेवढेच किंवा जास्त अँपियर असलेला दुसरा लावा.

एलएनबीचं पुढचं प्लॅस्टिकचं टोपणही तपासा. चार-पाच उन्हाळ्यांत ते ठिसूळ होऊन तडकतं आणि पहिल्या पावसात आत पाणी जातं. तडा दिसला की डागडुजी न करता एलएनबीच बदला. काढण्याआधी तो क्लॅम्पमध्ये किती फिरवलेला आहे त्याची मार्करने खूण करा, नवा त्याच कोनात बसवायचा आहे. कुंभारीण माशी तोंडावर मातीचं घर करते, ते ओल्या फडक्याने पुसा, खरवडू नका. आणि पावसापासून वाचावा म्हणून एलएनबीवर प्लॅस्टिकची पिशवी बांधतात, ती आजच काढा. पिशवीच्या सुरकुत्यांत पाणी साठतं आणि ती ओली पिशवीच सिग्नल अडवते.

छत्री जागेवर आणणं

६० सेंटिमीटरच्या छत्रीची नजर फार अरुंद असते, जेमतेम तीन अंशांची. नेमक्या रेषेपासून एक अंश सरकली की पाव ताकद जाते, दोन अंश सरकली की पावच उरते. आणि एक अंश म्हणजे किती? छत्रीचा काठ फक्त अर्धा सेंटिमीटर हलला की झाला एक अंश. वाळत घातलेली चादर तिच्यात अडकली, मुलांचा चेंडू लागला, टाकी साफ करणाऱ्याने आधाराला धरली, एवढं पुरतं.

आधी पाइप ओळंब्यात आहे का ते बघा. पाइपच कलला असेल तर ब्रॅकेटवरचे अंश खोटे बोलतात. कोकणात जांभ्याच्या भिंतीत प्लॅस्टिकचे गिट्टे ठोकून लावलेल्या छत्र्या एक-दोन पावसाळ्यांत हलायला लागतात, कारण चिरा भुसभुशीत होऊन भोक मोठं होतं. तिथे लांब अँकर बोल्ट किंवा सरळ काँक्रीटच्या बीममध्ये बसवणं हाच उपाय. ते होईपर्यंत दिशा लावणं वाया जातं.

मग दोन माणसं लागतात. एक छत्रीपाशी, एक टीव्हीसमोर क्वालिटीची पट्टी मोठ्याने वाचत, मध्ये फोन. क्रम असा:

१. मूळ जागेवर पाइपावर आणि ब्रॅकेटवर मार्करने रेघ मारा. काही बिघडलं तर इथे परत येता येतं.

२. बाजूला फिरवायचे बोल्ट एवढेच ढिले करा की जोर दिल्यावर छत्री सरकेल, आपणहून फिरणार नाही. उंचीच्या बोल्टला अजून हात नको.

३. छत्री दोन-तीन मिलिमीटर सरकवा आणि सहा-सात सेकंद थांबा. बॉक्सला सिग्नल पकडायला तेवढा वेळ लागतो. घाईने फिरवत राहिलात तर खरी जागा मागे निघून जाते.

४. सगळ्यात मोठा आकडा दिसला की थांबू नका. आणखी पुढे जा, आकडा पडायला लागेल तिथे पेन्सिलने खूण करा. मग उलट बाजूला तेवढाच आकडा पडेपर्यंत जा आणि तिथे खूण करा. खरी जागा या दोन खुणांच्या बरोबर मध्ये. कारण वरचा आकडा बराच वेळ सपाट राहतो, आणि त्याच्या काठावर छत्री सोडली तर कोरड्या दिवशी सगळं छान दिसतं, पावसात जातं.

५. हेच उंचीसाठी करा, आणि शेवटी एलएनबी क्लॅम्पमध्ये दोन्हीकडे थोडा थोडा फिरवून.

६. बोल्ट आवळताना एक पूर्ण न आवळता आलटून पालटून अर्धा-अर्धा फेरा द्या. आवळताना छत्री उचलली जाते आणि आकडा पडतो, म्हणून शेवटपर्यंत पट्टी वाचणारा माणूस जागेवरून उठू द्यायचा नाही.

पावसाचे ढग असताना हे काम करू नका. असा ढग सरकला की आकडा आपोआप बदलतो आणि आपल्याला वाटतं आपल्या फिरवण्याने बदलला.

हे सगळं बिनचूक असूनही मोठ्या सरीत चित्र जाण्याचा कंटाळा आला असेल तर ९० सेंटिमीटरची छत्री. तिचं क्षेत्रफळ ६०च्या सव्वादोन पट, म्हणून जाणं पुरतं थांबत नाही, पण वारंवारता आणि वेळ दोन्ही चांगले कमी होतात. मात्र तिची नजर आणखी अरुंद, दोन अंशांच्या आसपास, आणि वाऱ्याचा जोर जास्त. पाइप जाड आणि पाया पक्का नसेल तर ती फायद्याऐवजी रोजचा त्रास देईल.

पावसाशी संबंध नसलेली दोन-तीन कारणं

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला, उपग्रहानुसार सकाळी पावणेदहा ते दुपारी बारा-सव्वाबाराच्या दरम्यान, सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो आणि काही मिनिटं चित्र जातं. चार-सहा दिवस असं होतं आणि आपोआप थांबतं. संध्याकाळच्या मालिकेला याचा त्रास नाही, सकाळी रिपीट बघणाऱ्यांना होतो. दुरुस्ती काहीच नाही.

झाडं मात्र हळूहळू वाढून आड येतात, आणि ओली पानं कोरड्यापेक्षा जास्त अडवतात. आड काय चालेल ते सोपं मोजता येतं. ४५ अंशांच्या उपग्रहासाठी झाड छत्रीपेक्षा जेवढं उंच, निदान तेवढं लांब हवं. ६६ अंशांसाठी दहा मीटरवरचं झाड छत्रीपेक्षा बावीस मीटर उंच असलं तरी चालतं. म्हणून एअरटेलची छत्री लावताना आग्नेयेचा आंबा आणि माड आधी बघावा. माडाची झावळी वाऱ्यात हलते तेव्हा चित्र पाच सेकंद येतं, पाच सेकंद जातं, आणि लोक बॉक्स बदलत बसतात.

वानरांचा वावर असलेल्या गावांत छत्री वाकण्याचं पहिलं कारण तेच असतात. उडी मारताना ते एलएनबीच्या दांड्याला लटकतात. दांडा वाकला की छत्रीची दिशा कितीही सुधारली तरी क्वालिटी वर येत नाही, कारण एलएनबी ठरलेल्या जागेवरून हललेला असतो. दांडा हाताने सरळ करून नेमका कोन मिळत नाही, तो बदलावाच लागतो. नवा लावल्यावर पाइपाला तीन बाजूंनी जी.आय. म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी तारेचे तणावे द्या आणि छत्री कौलांच्या कडेपासून, जिथून उडी मारतात तिथून, निदान दोन मीटर लांब घ्या.